पहिल्या तीन प्रकरणांचा निकाल

मधल्या सुट्टीत ग्रंथालयासमोरच्या कट्ट्यावर बसणाऱ्या विद्यार्थ्यांच्या हातांत हल्ली पुस्तक क्वचितच दिसते. दिसतो तो मोबाइल. एवढ्यावरून 'आजची पिढी वाचत नाही' असा निष्कर्ष काढून मोठी माणसे मोकळी होतात. वास्तविक त्या मोबाइलवर काय चालले आहे हे कोणी डोकावून पाहील, तर चार-दोन जण तरी चक्क कादंबरी वाचताना सापडतील. ही कादंबरी छापलेली नसते. ती इंटरनेटवर क्रमशः येते. कधी रोज एक प्रकरण, कधी आठवड्याला दोन. तिच्यात जादूच्या शाळा असतात, राक्षस असतात, एका जगातून दुसऱ्या जगात जाऊन पडलेली माणसे असतात. काही कादंबऱ्या हजार-हजार प्रकरणांच्या असतात. आणि प्रत्येक प्रकरणाच्या खाली वाचकांना आपली प्रतिक्रिया लिहिण्याची सोय असते.

माझा आजचा विषय या प्रतिक्रियांचा आहे; त्यातही पहिल्या दोन-तीन प्रकरणांखाली ज्या प्रतिक्रिया उमटतात, त्यांचा. कोणी म्हणेल, वार्षिकांकात लिहिण्यासारखा हा विषय आहे काय? मला वाटते, आहे. कारण पहिल्या पानावरून माणसाचा किंवा पुस्तकाचा निकाल लावण्याची सवय आपल्या सर्वांनाच आहे, आणि त्या सवयीचा मला स्वतःला दोन्ही बाजूंनी अनुभव आला आहे. तो शेवटी सांगेन.

प्रथम हा व्यवहार कसा चालतो ते पाहू. चीनमध्ये अशा कादंबऱ्यांचे फार मोठे पीक आहे. 'छीद्यान' नावाचे संकेतस्थळ तेथे २००२ साली निघाले आणि २००३ पासून प्रकरणागणिक पैसे घेण्याची पद्धत तेथे सुरू झाली. आरंभीची प्रकरणे फुकट आणि पुढची विकत, असा हा मामला. भाजीबाजारात आंबेवाला एक फोड कापून हातावर ठेवतो, तसेच हे. फोड गोड लागली तर गिऱ्हाईक डझन घेणार, नाही तर पुढच्या पाटीकडे वळणार. म्हणून तिकडच्या लेखकांत 'सोनेरी तीन प्रकरणे' असा शब्दप्रयोगच रूढ झाला. वाचकाला काय पकडायचे ते पहिल्या तीन प्रकरणांत पकडले पाहिजे, ही त्यामागची शिकवण. वाचकांचेही आपले शब्द आहेत. नवी कादंबरी लगेच न वाचता, पुरेशी प्रकरणे साठेपर्यंत तिला तशीच राहू द्यायची, याला ते 'पुस्तक पोसणे' म्हणतात. जनावर खाऊन-पिऊन धष्टपुष्ट व्हावे तसे पुस्तक होऊ द्यायचे! मला हा शब्द फार आवडला.

क्रमशः कादंबरी ही काही नवी गोष्ट नाही. आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो!' ही कादंबरी, १८९० साली त्यांनीच सुरू केलेल्या 'करमणूक' साप्ताहिकातून अशीच तुकड्यातुकड्याने वाचकांपुढे आली. इंग्रजीच्या तासाला आपण डिकन्सचे नाव ऐकतो. त्याचे 'पिकविक पेपर्स' १८३६ च्या मार्चअखेरीपासून दरमहा एक शिलिंगाच्या भागांतून येऊ लागले. आरंभीच्या भागांना गिऱ्हाईक अगदी थोडे होते. चौथ्या भागात सॅम वेलर हे पात्र अवतरले आणि वारे फिरले. शेवटीशेवटी एकेका भागाच्या ४०,००० प्रती खपू लागल्या. ज्यांनी पहिले तीन भाग घेतले नाहीत, ते वाचक चुकले होते काय? माझ्या मते नाही. त्यांना रुची वाटली नाही, त्यांनी शिलिंग खर्च केला नाही, इतकेच. पण येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ज्याने भाग विकत घेतला नाही, त्याच्या नाराजीची खूण त्या भागावर उरली नाही. चौथा भाग हाती आलेल्या माणसाने मागे वळून पहिला भाग घेतला, तेव्हा त्यावर 'हे रद्दड आहे' असे कोणी लिहून ठेवलेले नव्हते.

आज नेमके तेच बदलले आहे. पहिले प्रकरण आले की तासाभरात खाली प्रतिक्रिया येतात, पाचपैकी किती तारे द्यायचे ते दिले जातात, आणि हे सारे कायमचे तेथेच राहते. कादंबरी पुढे शंभर प्रकरणे चालली, लेखकाचा हात सुधारला, तरी नव्या वाचकाला दारातच जुन्या वाचकांचा निकाल वाचूनच आत जावे लागते.

याचे एक उदाहरण देते. 'बॅटल थ्रू द हेवन्स' या इंग्रजी नावाने ओळखली जाणारी चिनी कादंबरी २००९ साली सुरू झाली आणि २०११ मध्ये संपली. तिची प्रकरणे सोळाशेहून अधिक आहेत. माझे इंग्रजी सुधारावे म्हणून मी ती भाषांतरात वाचायला घेतली. पहिल्याच प्रकरणात श्याओ यान नावाचा पंधरा वर्षांचा मुलगा एका शिळेपुढे उभा आहे. शिळेला हात लावला की अंगातील शक्ती किती, ते अक्षरे उमटून सर्वांना दिसते. एके काळी हुशार म्हणून गाजलेल्या या मुलाची शक्ती अगदी खालच्या पायरीची निघते, ती मोठ्याने पुकारली जाते, आणि जमलेली मंडळी हसतात. पुढे ज्या मुलीशी त्याचे लग्न ठरलेले असते, ती स्वतः घरी येऊन ते मोडण्याची मागणी करते. दोघांत तीन वर्षांची मुदत ठरते. त्याची शक्ती का गेली होती, ते कारणही थोड्याच प्रकरणांनी कळते. ते त्याच्याच बोटातल्या अंगठीत दडलेले असते.

या प्रारंभावर दोन प्रकारच्या प्रतिक्रिया मला वाचायला मिळाल्या. काही जणांना वाटते की हे तर ठरावीक आहे. दुबळा नायक, गर्विष्ठ वाग्दत्त वधू, मोडलेले लग्न, हे शंभर ठिकाणी वाचले. दुसरे सांगतात की बाबांनो, हे शंभर ठिकाणी आले, कारण ही कादंबरी गाजल्यावर शंभर जणांनी तिची नक्कल केली. दोघेही खरेच बोलतात. पहिल्याने नकला आधी वाचल्या आणि अस्सल नंतर. म्हणून त्याला अस्सलच नक्कल वाटली. मग त्याची प्रतिक्रिया ही त्या प्रकरणाविषयी आहे, की तो कोणत्या वाटेने तेथवर आला त्याविषयी? मला तरी ती वाटेविषयी अधिक सांगते असे वाटते.

आणि नकला का झाल्या, याचेही कारण याच प्रतिक्रियांत आहे. पहिल्या तीन प्रकरणांत टाळी मिळाली नाही तर लेखकाचे पोट भरणार नाही, असे झाले की ज्या प्रारंभाला टाळी मिळाल्याचे ठाऊक आहे, तोच प्रारंभ तो पुन्हा लिहितो. वाचक मग ओरडतात की सगळ्या कादंबऱ्या एकसारख्या! पण हळू चालणाऱ्या कादंबरीला पहिल्या प्रकरणातच एक तारा देणारे हात कोणाचे होते?

आता याच्या उलट उदाहरण पाहा. क्रोएशियातील डोमागोय कुर्माइच या लेखकाची 'मदर ऑफ लर्निंग' ही कादंबरी २०११ साली सुरू होऊन २०२० मध्ये संपली. प्रकरणे १०८. म्हणजे वाचकांनी नऊ वर्षे वाट पाहिली. पहिल्या प्रकरणात झोरियन नावाचा विद्यार्थी सकाळी झोपलेला असतो आणि धाकटी बहीण त्याच्या अंगावर उडी मारून त्याला उठवते. तो जादूच्या विद्यालयात शिकतो. स्वभावाने तुसडा. बहिणीला शहरात आपल्याबरोबर घेऊन जा, असे आई सांगते. तो साफ नकार देतो. आरंभी हा मुलगा पुष्कळांना आवडत नाही. मलाही आवडला नाही. धाकट्या भावंडांना सांभाळतच मी मोठी झाले आहे, त्यामुळे मला तर त्याचा रागच आला.

पण या कादंबरीची युक्ती अशी, की महिना संपला की काळ मागे फिरतो आणि झोरियन पुन्हा त्याच सकाळी, त्याच अंथरुणात, त्याच बहिणीच्या उडीने जागा होतो. हे एकदा नव्हे, पुष्कळ वेळा घडते. तीच सकाळ, पण उठणारा मुलगा प्रत्येक वेळी थोडा निराळा. पुढे तो बहिणीला आपण होऊन बरोबर नेऊ लागतो. ज्या वाचकाने पहिल्या प्रकरणाखाली 'नायक स्वार्थी आहे' असे लिहिले, त्याने जे पाहिले ते खोटे नव्हते. लेखकाने तसेच दाखवले होते. फक्त त्याने ते दार बंद करताना लिहिले. तीच सकाळ दुसऱ्यांदा आणि दहाव्यांदा वाचल्यावर तिचा अर्थ काय होतो, हे पहिल्या प्रकरणात कोणालाही कळणे शक्य नव्हते.

येथे माझी एक वर्गमैत्रीण मला अडवते. ती म्हणते, "तू लेखकाची वकिली करतेस. वाचकाचा वेळ फुकटचा आहे का? पन्नास प्रकरणे वाच, मग गोडी लागेल, असे सांगणे म्हणजे पन्नास जेवणे अळणी जेव, एक्कावन्नाव्याला मीठ मिळेल असे सांगणे आहे."

तिचे म्हणणे मला पटते. आमच्या घरी एक मोबाइल आहे आणि तो माझ्यात आणि भावात वाटून आहे. आई शिवणाचे काम करते. रात्री तिची मशीन थांबली, काजे-बटणांचे काम उरकले, की मग माझा वाचनाचा वेळ. एखाद्या लेखकाला माझ्या त्या अर्ध्या तासावर हक्क नाही. त्याने माझ्यासाठी लिहिले म्हणून मी वाचलेच पाहिजे, असे कर्ज मी काढलेले नाही. शिवाय प्रारंभीच्या प्रतिक्रियांचा लेखकाला उपयोगही होतो. 'द वॉन्डरिंग इन' ही २०१६ पासून सुरू असलेली प्रचंड कादंबरी घ्या. एरिन नावाची मुलगी अचानक दुसऱ्या जगात जाऊन पडते आणि एका ओस पडलेल्या खानावळीचा आसरा घेऊन तीच चालवू लागते, अशी तिची कथा. तिचा पहिला खंड कच्चा आहे, तेवढा पार करा, असे जुने वाचक नव्या वाचकांना सांगत आले. पुढे टोपणनावाने लिहिणाऱ्या त्या लेखकाने पहिला खंड पुन्हा नव्याने लिहून काढला. म्हणजे वाचकाने बोलूच नये, असे माझे म्हणणे मुळीच नाही.

माझे म्हणणे इतकेच आहे, की सोडून देणे आणि निकाल देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली वाचकाच्या हक्काची आहे. दुसरीसाठी वाचन पुरे झालेले असावे लागते. 'मला तिसऱ्या प्रकरणात कंटाळा आला, मी थांबले' हे खरे वाक्य आहे. ते माझ्याविषयी आहे आणि त्याची साक्ष मीच देऊ शकते. 'ही कादंबरी टाकाऊ आहे' हे वाक्य तीन प्रकरणांच्या जोरावर करता येत नाही. आपण दोन्ही वाक्ये एकाच अर्थाची समजून वापरतो, आणि त्यातून काय होते ते आता सांगते.

गेल्या वर्षीची गोष्ट. मराठीतही आता मोबाइलवर क्रमशः कथा लिहिणारे पुष्कळ आहेत. अशाच एका ठिकाणी एका नव्या लेखकाची, की लेखिकेची, अद्भुत कादंबरी सुरू झाली. एका दुष्काळी गावातली विहीर, आणि विहिरीच्या तळाशी दुसरे गाव, अशी काहीशी कल्पना होती. पहिले प्रकरण अर्धे तर विहिरीच्या खोदकामाच्या वर्णनातच गेले होते. शुद्धलेखनाच्या चुका होत्या. मी त्या दिवशी कशाने तरी चिडलेली होते. मी एक तारा दिला आणि खाली लिहिले, "अत्यंत कंटाळवाणे. आधी शुद्ध मराठी शिका." दुसरे प्रकरण आले. तिसरे आले नाही. आजतागायत आलेले नाही.

ते माझ्यामुळे थांबले असे मी म्हणत नाही. परीक्षा आली असेल, मोबाइल बिघडला असेल, घरचे काही झाले असेल. पण त्या प्रकरणाखाली एकूण दोनच प्रतिक्रिया होत्या, आणि त्यांतली एक माझी होती.

महिन्याभराने ते प्रकरण मी पुन्हा उघडले. या खेपेस खोदकामाचे वर्णन नीट वाचले. किती परसावर मुरूम लागला, कोठे काळा पाषाण लागला, सुरुंग ठासताना कोण दोर धरून उभे राहिले, हे सारे त्यात होते. माझे वडील मार्केट यार्डात हमाली करतात. त्याआधी ते विहिरींच्या कामावर जात. ते वर्णन मी त्यांना वाचून दाखवले. ते म्हणाले, "हे लिवणारं पोरगं विहिरीत उतरलेलं हाय." आणि मग विचारू लागले, "फुडं काय झालं?" मला त्यांना सांगता आले नाही.

मला अधिक लाज वाटली ती दुसऱ्या कारणाने. आमच्या घरात महाविद्यालयात येणारी मी पहिली. प्रथम वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात वर्गात प्रत्येकाला आपली ओळख करून द्यायला सांगितले होते. माझी पाळी आली तेव्हा मी गावाविषयी बोलताना 'पाणी' न म्हणता 'पानी' म्हणाले, एकदा नव्हे, तीनदा. मागच्या बाकांवरून हसू आले. फार काही नव्हे, थोडेसेच. पण त्यानंतर दोन महिने मी वर्गात तोंड उघडले नाही, आणि दिवाळीच्या सुट्टीत तर 'आता कॉलेज नको' असे आईजवळ बोलूनही दाखवले. आई म्हणाली, "फी भरलीय, वरीस तर काढ." आईने माझे कौतुक केले नाही की समजूतही घातली नाही, तिने फक्त पुढचे प्रकरण येऊ दिले. त्या वर्षाच्या शेवटी ट्युटोरियलच्या वहीवर आमच्या मॅडमनी 'लिहीत राहा' एवढे दोनच शब्द लिहिले, म्हणून आज हा लेख तुमच्या हातात आहे.

म्हणजे ज्या हसण्याने मी घर गाठायला निघाले होते, तेच हसणे मी अनोळखी माणसाच्या पहिल्या प्रकरणाखाली लिहून आले होते. श्याओ यानच्या शिळेपुढे जमलेल्या गर्दीचा मला राग येतो; पण त्या गर्दीत मीही होते.

यावर उपाय काय? मी स्वतःपुरते काही नियम केले आहेत. किती वाचून बोलते आहे ते आधी सांगायचे. कोणत्या वाक्याशी अडखळले, कोठे मन लागले, ते नेमके लिहायचे. कारण 'कंटाळवाणे' या शब्दातून लेखकाला काही दुरुस्त करता येत नाही, पण 'खोदकाम थोडे आटोपते घेतले असते तर तळाचे गाव लवकर दिसले असते' यातून येते. तारे द्यायचे ते निदान एखादा खंड पुरा झाल्यावर. आणि मन लागलेच नाही तर गुपचूप पान मिटायचे. त्याने कोणाचे नुकसान होत नाही. 'पिकविक'चे पहिले भाग न घेणाऱ्यांनी तेच केले होते.

विहिरीच्या त्या प्रकरणाखालची माझी प्रतिक्रिया मी काढून टाकली आहे. तिच्या जागी, सुरुंगाचा भाग माझ्या वडिलांना आवडला आणि पुढे काय झाले ते विचारत आहेत, असे लिहिले आहे. उत्तर आलेले नाही. अधूनमधून मी पाहत असते.

मित्रहो, आपल्या या अंकातही कित्येकांच्या कविता आणि कथा आयुष्यात पहिल्यांदाच छापून येत आहेत. माझाही हा पहिलाच लेख. अंक हाती पडला की कट्ट्यावर त्याची चिरफाड होणार, आणि ती व्हावीही. जे कंटाळवाणे वाटेल ते खुशाल उलटून पुढे जा. वाटल्यास हा लेखही. पण कोणाला काही सांगावेसे वाटलेच, तर ते त्याला पुढचे लिहिता येईल अशा बेताने सांगा, एवढीच विनंती.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला